शेऱ्याच्या रकान्यातला दात

नोकरीत असताना किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते कपाटावरच्या जुन्या फायलींसारखे आपोआप साचतात आणि निवृत्त झाल्यावर एके दिवशी धूळ घेऊन अंगावर पडतात. मी नाशिकच्या एका प्रसूतिगृहात कारकून होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चिकटलो आणि ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा सुटलो. सकाळी फिरायला येणारे मित्र म्हणतात, "तू काय सांगणार? बाळंतपणं बायकांची, तू नुसती नावं लिहायचास!"

खरं आहे. पण नावं लिहिणाऱ्याच्या खिडकीशी येऊन माणसं जे बोलतात, ते डॉक्टरांपुढे बोलत नाहीत.

आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं एक कार्ड असायचं. वजन, वेळ, मुलगा की मुलगी, आणि शेवटी एक अरुंद रकाना: शेरा. तो बहुतेक कोराच राही. पण वर्षा-दोन वर्षांत एखादं मूल तोंडात दात घेऊनच जन्माला यायचं आणि त्या रकान्यात मला "दात" असं लिहावं लागायचं. या दोन अक्षरांनी जेवढी घरं हलताना पाहिली, तेवढी मी दुसऱ्या कशाने पाहिली नाहीत. त्यातलं एक घर माझ्या हाताने हललं. चंद्रकला नावाच्या बाळंतिणीचं सासर माझ्या एका चुकीमुळे सुटलं. तो किस्सा मी वर्षानुवर्षं टाळला. आज सांगतो, पण आधी जरा हलके किस्से सांगू द्या.

*

दाताचं मूल कोणाला जड, हे घराघरावर असायचं. कोणाकडे मामाला, कोणाकडे बापाला, कोणाकडे आजोबांना. विचारायला जो खिडकीशी यायचा, त्याला मात्र ते कधीच जड नसायचं!

अशाच एका मुलीच्या मामाचं नाशिकच्या द्वारका चौकात ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. माणूस असा धिप्पाड, की दारातून आत येताना उजेड कमी व्हायचा. मामाने बाळाचं तोंड थेट बघायचं नाही, आधी तेलात पडलेलं प्रतिबिंब बघायचं, असं त्यांच्या घरात ठरलं. तेलाने भरलेली काशाची वाटी आली. मामा डोळे घट्ट मिटून बहिणीचा हात धरून वॉर्डात आला. आमच्या सिस्टर मार्थांनी बाळ वाटीवर धरलं.

बाळाने पाय झाडला. वाटी उलटी, तेल फरशीवर. आवाजाने मामाने डोळे उघडले आणि समोर थेट भाची! मामा उलट्या पावली पळायला गेला, तेलावरून घसरला आणि मनगट मोडून घेतलं.

"बघा!" मुलीची आजी ओरडली. "जिवावरचं होतं, हातावर निभावलं!"

सिस्टर फरशी पुसायला फडकं शोधत होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, वाटी आणली नसती तर हातावरही आलं नसतं."

पण हे कोणी ऐकलं नाही. मामा वेदनेतही समाधानी दिसत होता.

*

एकलहऱ्याला वीज केंद्रात काम करणारे एक इंजिनिअर होते. मुलगा झाला, दातासकट. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी हजर.

"हे बघा, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी सायन्सचा माणूस."

"छान," मी म्हणालो.

"पण आईचं वय झालंय. तिच्या समाधानासाठी तेवढा शेरा खोडता येईल का?"

मी म्हटलं, नियमात बसत नाही. पण आईंना घेऊन या, मी समजावून सांगतो. दुपारी आई आल्या. नऊवारी, हातात पिशवी, मुलापेक्षा ताठ. मुलगा बाहेर व्हरांड्यात थांबला होता. मी दाताचं शास्त्र सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"भाऊसाहेब, मला काही नाही हो त्याचं. माझ्या धाकट्या दिराला होता असाच दात. तुम्ही याला सांगा. परवापासून जेवला नाहीये तो!"

*

दुष्काळाच्या वर्षातला एक आहे. किस्सा म्हणावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पेठकडच्या डोंगरातलं एक कुटुंब कामासाठी नाशिकला उतरलं होतं. त्यांची सून आमच्याकडे बाळंत झाली. मुलाला खाली एक दात. सिस्टरांनी तो बाळाच्या आजीला दाखवला. मी कार्ड घेऊन शेजारी उभा होतो. आता रडारड होणार, शेरा खोडा म्हणणार, म्हणून मनातल्या मनात नियमाचं वाक्य जुळवत होतो.

म्हातारीने दाताकडे पुष्कळ वेळ पाहिलं. बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "मागल्या पोराला दात आलं तवा घरात भाकर नव्हती. ह्यो त पैल्याच दिशी घिऊन आला."

सिस्टरांनी आपला डबा तिच्यापुढे ठेवला. म्हातारीने त्यातल्या दोन्ही पोळ्या सुनेसाठी पदरात बांधल्या आणि रिकामा डबा नळावर स्वच्छ घासून परत केला.

*

आणि एक बाप असाही भेटला. नाशिकरोडच्या एका वसाहतीत राहणारा कामगार, घरात बुद्धाची तसबीर, बोलायला मोकळा. मुलगी झाली, खालचे दोन दात, चांगले घट्ट. आमच्या मुख्य डॉक्टरीणबाईंचा नियम साधा होता. हलता दात श्वासात जाण्याची भीती, म्हणून काढायचा. घट्ट असेल तर तो त्या बाळाचा, त्याला हात लावायचा नाही. म्हणून हे दोन दात राहिले.

तो खिडकीशी आला. मी सवयीने म्हणालो, "शेरा खोडता येणार नाही."

"खोडायला कोण सांगतंय, साहेब? एवढं बारीक का लिहिलंय? ठळक करा की! माझी पोरगी तयारीनिशी आलीय."

एवढ्या वर्षांत कार्ड हातात घेऊन हसत गेलेला तो एकटाच. मी नियम मोडून त्या शब्दावरून पेन पुन्हा फिरवलं.

*

आता माझं.

एका सकाळी तासाभराच्या अंतराने दोन मुली जन्मल्या. पहिलीला खाली एक दात होता. हिरडीला नुसता चिकटलेला, जीभ लागली तरी हलत होता. डॉक्टरीणबाईंनी तो तिथेच काढला आणि सिस्टरांनी प्रसूतीच्या खोलीतल्या रजिस्टरात तिच्या ओळीत लिहिलं, "खालचा एक दात, काढला." घरच्यांनी बाळ पाहिलं तेव्हा तोंडात काही नव्हतं. दुसरी मुलगी चंद्रकलाची. तिला दात नव्हताच.

रजिस्टरावरून कार्डावर उतरवून घेणं हे माझं काम. पट्टी लावून ओळ धरायची, ही रीत मीच घातली होती आणि इतरांना मीच ती शिकवायचो. त्या दिवशी शेरा वाचून झाला तेवढ्यात कोणीतरी काही विचारायला आलं, मी मान वर केली, पट्टी एक ओळ खाली सरकली आणि मी खालच्या नावाचं कार्ड पुढे ओढलं. पहिल्या मुलीचं कार्ड कोरं राहिलं. चंद्रकलाच्या मुलीच्या कार्डावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "खालचा एक दात, काढला."

चंद्रकलाचं सासर वणीजवळच्या खेड्यातलं, माहेर पंचवटीतलं. पाचव्या दिवशी तिची सासू आणि नवरा रघुनाथ न्यायला आले. कार्ड वाचून दाखवा म्हणाले. मीच वाचलं!

सासू खाली बसली. "बापाला जड," एवढंच म्हणाली.

चंद्रकला कासावीस झाली. "आत्याबाई, दात नव्हता हो! मी पहिल्यापासून बघतेय. हे बघा तोंड, काही नाही."

"नसनारच. काढला म्हनून लिव्हलंय नव्हं?"

आता याला काय उत्तर आहे? मी वकिली शिकलेली माणसं पाहिली आहेत, पण असा बिनतोड मुद्दा पाहिला नाही. माझ्या एका शब्दाने पुरावाच खाऊन टाकला होता. दात असता तर दिसला असता; नाही, म्हणजे काढला!

मी आत जाऊन रजिस्टर पाहिलं. धावत बाहेर आलो. "माझी चूक झाली. ही ओळ दुसऱ्या मुलीची आहे."

सासूने माझ्याकडे पाहिलं, मग चंद्रकलाच्या वडिलांकडे. दामूअण्णा, पंचवटीत शिवणकाम करायचे. ते माझ्यापुढे हात जोडून उभे होते. खरं तर ते सवयीने तसेच उभे राहायचे.

"व्याही पाया पडलं वाटतं," सासू म्हणाली. "भाऊसाहेब, माझा थोरला गेला. ह्यो एकच ऱ्हायलाय. तुमी दया कराल, पन जायाचा तो माझाच जाईल."

रघुनाथ आईमागे उभा होता. त्याने मुलीकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलली. चंद्रकला माहेरी गेली.

*

मी बाईंपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "कार्ड दुरुस्त करून द्या. रीतसर, सही-शिक्क्यानिशी."

बाईंनी चष्मा काढला. "दुरुस्त म्हणजे काय करायचं? इथून शेरा काढला की तो जिचा आहे तिच्या कार्डावर घालावा लागेल. नियम तूच सांगतोस ना सगळ्यांना? दोन्ही घरांना कळवावंही लागेल."

"हो."

"त्या घरात काय चाललंय ठाऊक आहे? काल त्यांनी आनंदाने पेढे आणून दिले. त्या मुलीला दात होता हे त्यांना माहीतही नाही. एक घर जोडायला दुसरं मोडू?"

टेबलावर तो पेढ्यांचा पुडा होता. बाईंनी त्यातला एक माझ्या हातावर ठेवला. तो मला खाता आला नाही आणि टाकताही आला नाही. दुपारपर्यंत मुठीत विरघळला.

मी निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "ऐक. दुधाचा दात एकदा काढला की त्या जागी पुन्हा दुधाचा येत नाही. सहा-सात वर्षांनी पक्काच येतो. हिला खालचे दोन्ही आले, तर एकही काढलेला नव्हता. याहून चांगला कागद मी देऊ शकत नाही."

मी हे दामूअण्णांना जाऊन सांगितलं. मशीनचं चाक हाताने थांबवून त्यांनी विचारलं, "कधी येतात दात?"

"सहाव्या-सातव्या महिन्यात."

"म्हणजे सात महिने लेक माझ्याकडे. ठीक आहे." मग मशीन पुन्हा सुरू झालं. ते मला एक शब्दही लावून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

*

चंद्रकला मुलीला इंजेक्शनसाठी आणायची. प्रत्येक वेळी आधी माझ्या खिडकीशी. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ मुलीचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढायची आणि मला विचारायची, "दिसतंय का काही?"

मी चष्मा पुसून बघायचो. रांगेतल्या बायकांना वाटायचं, इथे कारकूनच तपासतो! एकीने तर आपलं मूल माझ्यापुढे धरून विचारलं, "भाऊसाहेब, याचं पोट बघता का जरा?"

सहावा महिना गेला. सातवा गेला. हिरडी गुळगुळीत. सरकारी कामासारखे दातही वेळेवर येईनात. आठव्या महिन्यात चंद्रकला धावत आली. ओठ ओढला. खाली डाव्या बाजूला पांढरी कड!

पण एकच. शेजारची जागा रिकामी.

आम्ही दोघांनी ती जागा बघितली. तीन आठवडे गेले, जागा रिकामीच. एका दुपारी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊसाहेब, खरं सांगा. मी झोपेत असताना काढला तर नसेल ना?"

जिने स्वतः पहिल्या दिवसापासून ते तोंड पाहिलं होतं, तिला! माझ्या अक्षराची ताकद मला तेव्हा कळली.

मी प्रसूतीच्या खोलीतलं रजिस्टर बाहेर आणलं आणि ते बाहेर आणायला मनाई असताना तिला ओळ दाखवली. तिने बोट फिरवून वाचली, दोनदा वाचली. दहाव्या महिन्याच्या तोंडाशी दुसरा दात आला. पहिल्याला खेटून, अगदी सरळ. सिस्टर मार्थांनी त्या दिवशी मुलीच्या कपाळावर क्रूस काढला, आणि चंद्रकलाने तो काढू दिला.

*

बाईंकडे चिठ्ठी मागायला गेलो. म्हणाल्या, "चिठ्ठी नाही. कागदाने काय केलं ते बघितलंस ना? तोंड घेऊन जा."

म्हणून आम्ही तोंड घेऊन निघालो. मी, दामूअण्णा, चंद्रकला आणि मांडीवर ती मुलगी. एसटीने वणीपर्यंत, पुढे पायी. दामूअण्णांनी जावयासाठी शर्ट शिवून आणला होता. अंदाजाने शिवलाय, असं वाटेत तीनदा म्हणाले.

घर लहान, अंगण सारवलेलं. रघुनाथ घरीच होता. वाळला होता, एवढ्या महिन्यांत त्याला दोनदा ताप येऊन गेला होता, आणि ताप कोणामुळे आला याविषयी त्या घरात शंका नव्हती. सासूने पाणी दिलं. सुनेलाही दिलं. चंद्रकला अंगणातच बसली, उंबऱ्याच्या बाहेर. नातीला बघून सासूचा हात आपोआप पुढे झाला आणि अर्ध्यात थांबला.

"कागद आनलाय का?" तिने मला विचारलं.

"नाही. कागदावर माझी चूक होती. आज तोंडच आणलंय."

मी सगळं सांगितलं. पट्टी कशी सरकली ते सांगितलं. दुसऱ्या मुलीचं नाव-गाव मात्र सांगितलं नाही. मग दाताचं सांगितलं, बाईंनी सांगितलं तसंच, सावकाश. काढलेला दुधाचा दात पुन्हा येत नाही. जागा रिकामी राहते. आता हिच्या तोंडात बघा. खालचे दोन्ही आहेत, शेजारी-शेजारी, जागा कुठेही रिकामी नाही. म्हणजे काय?

सासू लक्ष देऊन ऐकत होती. मध्ये दोनदा मान हलवली. मला वाटलं, जमलं.

रघुनाथ उठला. दहा महिन्यांत पहिल्यांदा तो मुलीजवळ बसला. चंद्रकलाने ओठ खाली ओढला. त्याने वाकून पाहिलं, बोटाने चाचपलं. मुलगी त्याचं बोट चावून हसली. त्याच्याही तोंडावर हसू आलं, ते लपवायला त्याने मान खाली घातली.

"दोन हायेत, आई," तो म्हणाला. "दोनी हायेत. जागा सुटलेली नाय."

दामूअण्णांनी पिशवीतून शर्ट काढला आणि घडी उलगडायला लागले.

सासू जागची हलली नाही. ती विचार करत होती. नीट, एकेक पायरी चढावी तसा. मग तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, भीती होती.

"म्हंजी काढलाच नाय?"

"नाही ना!" मी आनंदाने म्हणालो. "काढलाच नाही!"

"मंग त्यो अजून तोंडातच हाय की, भाऊसाहेब!"